सूची दोनवर न दिसलेले ६० हजार

कोथरूडला ६० लाखांचं जुनं घर ठरलं तेव्हा आम्ही मुद्रांक शुल्क सहा टक्के धरलं होतं, म्हणजे ३ लाख ६० हजार. मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात अजित पवारांनी दिलेली एक टक्क्याची सवलत दोन वर्षांपुरतीच होती, हे डोक्यातच नव्हतं. १ एप्रिल २०२२ पासून पुण्यात मेट्रोचा एक टक्का अधिभार लागणार, असं कळलं आणि धावपळ सुरू झाली.

३१ मार्चपर्यंत शुल्क भरून दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्या, तर दस्त पुढच्या चार महिन्यांत नोंदवता येतो. ही वाट वकिलांनी दाखवली. पण घर विकणारे काका साताऱ्याला मुलीकडे होते. तब्येत बरी नव्हती, पाडव्यानंतर येतो म्हणाले. पाडवा होता २ एप्रिलला. आजारी माणसाला किती गळ घालायची? शेवटी ग्रासवर, म्हणजे सरकारी पैसे भरायच्या संकेतस्थळावर, ४ लाख २० हजारांचं चलन निघालं.

दुय्यम निबंधक कार्यालयात टोकन घेऊन अडीच तास बसलो. समोरच्या बाकावर मेट्रो कोणी आणली यावरून दोघांचं चांगलंच जुंपलं होतं. जानेवारीत शरद पवारांनी पिंपरीत मेट्रोतून फेरी मारली म्हणून चंद्रकांत पाटलांनी आक्षेप घेतला होता. ६ मार्चला पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. बाकावरचा वाद तोच, फक्त आवाज वेगळे. मांडीवर चलन घेऊन ऐकताना मला खरंच राग येत होता. ११,४२० कोटींच्या प्रकल्पात केंद्राचे २० टक्के, राज्याचे २० टक्के, महापालिकांचे १० आणि निम्मं कर्ज. यातला प्रत्येक रुपया शेवटी आपल्याच खिशातून जातो. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटना सवलत वाढवून मागत होत्या. तरी मला अधिभार चुकीचा वाटत नाही. वनाज ते गरवारे मी पहिल्याच आठवड्यात गेले. नळस्टॉपचा तो चौक वरून ओलांडताना डोळे भरून आले होते. शहराला मेट्रो हवीच, आणि तिच्यासाठी पैसे द्यायची माझी तयारी आहे.

आमचा नंबर आला. फोटो, अंगठे, साक्षीदारांचे अंगठे, पानामागे २० रुपये हाताळणी शुल्क. दहा मिनिटांत काम झालं. सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा देणारा कागद, हातात आली तेव्हा मी आधी मुद्रांक शुल्काचा रकाना शोधला. त्यात एकच आकडा होता, ४,२०,०००. मेट्रोसाठी दिलेले ६० हजार कुठेच वेगळे लिहिलेले नव्हते. काउंटरवरच्या ताईंना विचारलं. "सगळं एकत्रच येतं हो मॅडम," त्या म्हणाल्या आणि पुढचं टोकन पुकारलं.

माझी मागणी एवढीच आहे की त्या कागदावर मेट्रोची एक वेगळी ओळ असावी, आणि असा किती पैसा जमला नि मेट्रोपर्यंत किती पोचला, हे दरवर्षी जाहीर व्हावं.