होल्डिंग पाँडच्या बांधाची तपासणी कोण करते? माझा अनुभव

नवी मुंबईत खाडीलगतच्या नोडमध्ये, म्हणजे सिडकोने आखलेल्या वसाहतींत, राहणाऱ्या बहुतेकांना आपण एका मातीच्या बांधाच्या भरवशावर राहतो याची कल्पना नसते. खाजणातील सखल जमिनीवर भराव टाकून शहर वसवताना सिडकोने डच पद्धतीवर होल्डिंग पाँड, म्हणजेच धारण तलाव, बांधले. नोडमधील नाल्यांचे पाणी या तलावात उतरते आणि ओहोटीला खाडीत जाते. भरती चढू लागली की खाडीच्या दाबाने तोंडावरचे फ्लॅप गेट आपोआप मिटते आणि ओहोटी लागेपर्यंत पावसाचे पाणी तलावात थोपून राहते. खारभूमीच्या बांधातील उघाड्या, म्हणजे पाणी सोडण्याची झडपांची दारे, पिढ्यानपिढ्या हेच करीत आल्या आहेत, त्यामुळे इथल्या आगरी-कोळी गावठाणांतील वडीलधाऱ्यांना यात नवे काही वाटत नाही. तलाव आणि खाडी यांच्यामधला बांध उंचीने किरकोळ असतो, पण त्याला दोन्ही बाजूंनी पाणी झेलावे लागते. आमच्या नोडमधील अशा बांधाची व गेटची तपासणी कोण करते आणि तिची नोंद कुठे असते, हे शोधून काढताना आलेला अनुभव येथे मांडत आहे.

निमित्त गेल्या पावसाळ्यातील एका उधाणाचे झाले. पाऊस थांबून बराच वेळ झाला होता, तरी आमच्या रस्त्याच्या सखल टोकाला गटारातून पाणी वर येत होते आणि ते खारे होते. पावसाचे पाणी तुंबले असते तर ते गोडे असते. खारे पाणी आत येते याचा अर्थ गेट पुरते मिटत नाही. आमच्या इमारतीत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंते राहतात. त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "गेटचे सोडा, बांधाच्या माथ्यावरून शेवटचे कोण चालत गेले होते?"

सुरुवातीला मी कायदा पाहिला. धरण सुरक्षा अधिनियम, 2021 हा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटर उंचीची धरणे लांबी, साठवण, विसर्ग, पाया किंवा रचना यांबाबतच्या ठरावीक अटींत बसली तरच त्याच्या कक्षेत येतात. अशा धरणांसाठी पावसाळ्यापूर्वीची व नंतरची पाहणी, आपत्कालीन कृती आराखडा वगैरे गोष्टी बंधनकारक आहेत. आमचा बांध या मापात कुठेच बसत नाही. म्हणजे तो असुरक्षित आहे असे नव्हे, परंतु त्याची पाहणी झाली नाही तरी या कायद्याखाली कोणाला जाब विचारता येत नाही. माझ्या मते लहान बांधांच्या बाबतीत खरी अडचण हीच आहे. मोठ्या धरणाला निदान एक फाईल असते, एक जबाबदार अधिकारी असतो; लहान बांध मात्र रस्ते, गटारे आणि उद्याने यांच्या मधल्या फटीत हरवतो.

त्यानंतर माहितीचा अधिकार वापरण्याचे ठरले. राज्याच्या नियमांनुसार जोडपत्र 'अ' मधील अर्ज, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा, इतकी पथ्ये पाळावी लागतात. "बांध सुरक्षित आहे का?" असे विचारण्यात अर्थ नसतो, कारण ते मत झाले आणि मत देण्यास जन माहिती अधिकारी बांधील नसतो. त्यामुळे मी फक्त कागद मागितले : बांध व गेटच्या अखेरच्या मान्सूनपूर्व पाहणीची टिपणी, मूळ नकाशावरील माथ्याची पातळी आणि गेटच्या अखेरच्या दुरुस्तीची मोजमाप पुस्तिकेतील (झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या वहीतील) पाने. आवक शाखेतून पोच घेतली आणि वाट पाहिली.

कायद्यातील 30 दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आले. नकाशापुरता अर्ज कलम 6(3) खाली दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग केला होता आणि पाहणीबाबत "अशी स्वतंत्र नोंदवही ठेवली जात नाही" असे एका ओळीत कळवले होते. मला ती ओळ फार मोलाची वाटली. पाहणी झाली नाही असे कोणी म्हणत नव्हते. नोंद नाही एवढेच म्हणत होते, आणि तेही सही-शिक्क्यानिशी. मोजमाप पुस्तिकेबद्दल मात्र उत्तरात चकार शब्द नव्हता, म्हणून प्रथम अपील केले. सुनावणी थोडक्यात आटोपली. अपिलीय अधिकाऱ्यांनी अभिलेख पाहू देण्याचा आणि कनिष्ठ अभियंत्यांनी माझ्यासह स्थळपाहणी करण्याचा आदेश दिला. इथे एक गोष्ट नमूद करतो : माहितीच्या अधिकारात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचाही हक्क येतो, पण अर्जात तो स्पष्ट मागावा लागतो. मी तो अपिलात मागितला होता.

नकाशा पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला होता, पण माथ्याची पातळी वाचता आली. ती पाहून मी हबकलो, कारण वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या साडेचार मीटरच्या भरतीपेक्षा ती बरीच कमी दिसत होती. निवृत्त अभियंत्यांनी समजावून सांगितले की, भरतीची उंची सागरी नकाशाच्या तळरेषेपासून, म्हणजे साधारण सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून, मोजतात आणि आमच्या नकाशातील पातळी सरासरी समुद्रसपाटीपासूनची आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर या दोहोंत सुमारे अडीच मीटरचा फरक पडतो. साडेचार मीटरची भरती म्हणजे समुद्रसपाटीच्या वर साधारण दोन मीटर. हा हिशेब जुळवल्यावर बांध भरतीच्या वर राहतो हे दिसले, अर्थात नकाशावर आहे तितका तो अजून उंच असेल तर. मातीचा भराव वर्षानुवर्षे खचत असतो.

स्थळपाहणी ओहोटीच्या वेळी ठेवली होती. गेट म्हणजे वरच्या बिजागरीवर लटकलेली जाड लोखंडी झडप. तिच्या खालच्या कडेत निर्माल्याची पिशवी, एक नारळ आणि फळीचा तुकडा अडकला होता आणि चौकटीच्या बैठकीवर कालवांचा खरखरीत थर चढला होता. हाताची चार बोटे सहज जातील एवढी फट राहत होती. खारे पाणी आत कुठून येते याचा शोध तिथेच संपला. बांधाच्या माथ्यावर एका ठिकाणी टेम्पोंच्या ये-जा करण्याने चाकोरी पडली होती. कनिष्ठ अभियंता तरुण होते, त्यांना ती मामुली वाटली. "काका, एवढ्याने काय होतंय?" असे ते म्हणाले. निवृत्त अभियंत्यांनी त्यांना शांतपणे सांगितले की, मातीच्या बांधावरून पाणी ओसंडते तेव्हा ते सगळ्यात सखल जागा शोधते आणि तिथूनच बांध कापत नेते. बाकीचा माथा कितीही उंच असला तरी उपयोग नाही.

खाडीच्या बाजूच्या उताराला खेकड्यांची बिळे होती. जुलै 2019 मध्ये चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले तेव्हा खेकड्यांवर ठपका ठेवण्यात आला आणि महाराष्ट्रभर त्याची थट्टा झाली. ती थट्टा योग्यच होती, कारण गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. पण त्या थट्टेमुळे बिळांकडे काणाडोळा करणे परवडणारे नाही. पाण्याला वाट मिळाली की ते मातीचे कण घेऊन निघते आणि आतल्या आत नळीसारखी पोकळी तयार होते. बांधाच्या पायथ्याशी एक ओलसर पट्टा दिसला, तिथे छोटा खड्डा करून झिरपणारे पाणी काचेच्या बाटलीत घेतले आणि बाटली दगडावर ठेवून दिली. पाणी झिरपणे हा मातीच्या बांधाचा स्वभावच आहे. पाणी नितळ असेल तर लक्ष ठेवायचे, गढूळ असेल तर धावपळ करायची. बराच वेळ वाट पाहूनही बाटलीच्या तळाशी गाळ बसला नाही. सगळ्यांनीच सुटकेचा निःश्वास सोडला, कनिष्ठ अभियंत्यांनी तर जास्तच.

पावसाळ्यापूर्वी बैठकीवरचा थर खरवडून गेटच्या बिजागऱ्या दुरुस्त झाल्या, चाकोरीत मुरूम भरून रोलर फिरवला गेला आणि टेम्पो अडवण्यासाठी दोन सिमेंटचे खांब उभे राहिले. गाळाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. शंभर हेक्टर क्षेत्रावर 100 मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा वाहून आला, तर एक लाख घनमीटर पाणी होते. दहा हेक्टरच्या तलावाला ते सामावून घेण्यासाठी पूर्ण एक मीटर खोली मोकळी लागते. आमच्या तलावात गाळ साचून त्यावर तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, दाटी झाली आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाच्या परवानगीशिवाय तिवरे तोडता येत नाहीत. काही शेजारी यावरून तिवरांनाच शत्रू ठरवतात, ते मला पटत नाही. खाडीच्या बाजूला तीच तिवरे लाटांपासून बांधाचा काठ राखतात. तलावाच्या आतील भागापुरती परवानगी मागण्याचा प्रस्ताव तयार होत असल्याचे सांगण्यात आले आहे.

पाहणीची नोंदवहीही आता सुरू झाली आहे. दिनांक, गेटची स्थिती, पाझर, बिळे, पाहणी करणाऱ्याचे पदनाम असे रकाने तिच्यात आखले आहेत आणि पहिली नोंद आमच्या स्थळपाहणीची आहे. "माथ्याची प्रत्यक्ष पातळी" हा रकाना मात्र कोरा आहे, कारण त्यासाठी लेव्हल (पातळी मोजण्याचे उपकरण) लावून मोजणी करावी लागेल आणि ती झालेली नाही. त्या मोजणीसाठी सोसायटीच्या लेटरहेडवर वेगळा अर्ज दिला असून त्याची पोच सचिवांच्या फाईलमध्ये लावली आहे.