आल्वास्त्रा ते वादस्तेना: बिर्गित्ताच्या वाटेने दोन दिवस

“सरोवराच्या काठाने सपाट वाट, अर्ध्या दिवसात आरामात होते.” एका माहितीपुस्तिकेतल्या या वाक्यावर विसंबून मी आणि स्वीडनमध्ये लिंशोपिंगला राहणारी माझी मैत्रीण ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघालो. त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, अंधारात, बॅटरीच्या उजेडात वाटेतल्या बोर्गहामन गावाकडे उतरत होतो. गुडघ्यापर्यंत चिखल, मैत्रिणीचा तळहात सोललेला, आणि वादस्तेना अजून पंधरा-सोळा किलोमीटर लांब. ज्याने कोणी ते वाक्य लिहिलं तो या वाटेने कधी चाललेला नाही.

वाट करा, जरूर करा. पण दोन दिवस ठेवा आणि सुरुवात वादस्तेनाहून करू नका, आल्वास्त्राहून करा. पायांसाठी तेच बरं, आणि चौदाव्या शतकातली स्वीडनची संत बिर्गित्ता समजायलाही तेच बरं.

बिर्गित्ताचा जन्म १३०३ सालचा, उप्पलांड प्रांतातल्या फिन्स्ताचा. वडील बिर्गेर पेर्सन तिथले लागमन, म्हणजे प्रांताचा कायदा सांगणारे आणि निवाडे करणारे बडे सरदार. आईकडून नातं राजघराण्याशी. तेराव्या वर्षी अठरा वर्षांच्या उल्फ गुडमार्सनशी लग्न झालं. आठ मुलं, उल्वोसाची जहागीर, पुढे राजा मॅग्नुस एरिकसनच्या दरबारात कोवळ्या वयाच्या ब्लांका राणीला वळण लावायची जबाबदारी. इथपर्यंत ती बड्या घरातली कर्ती बाई होती. नवरा-बायको स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला जाऊन आली, येताना उल्फ आजारी पडला, आणि १३४४ साली आल्वास्त्राच्या मठात वारला. जग जिला ओळखतं ती बिर्गित्ता त्यानंतरची, आणि ती घडली आल्वास्त्रात.

आम्ही मुक्काम मात्र वादस्तेनाला केला होता, कारण पुस्तिकेत तसंच सांगितलं होतं. शनिवारी सकाळी सोयीची बस नव्हती म्हणून आल्वास्त्रापर्यंत टॅक्सी केली. पंचवीस किलोमीटरच्या आतलं अंतर, आणि बिल झालं ११८० क्रोनर. मी हुज्जत घातली, काही उपयोग झाला नाही. स्वीडनमध्ये टॅक्सीचे दर सरकार ठरवत नाही, ज्याला जो लावायचा तो दर लावता येतो. मागच्या दाराच्या काचेवर एक दरपत्रक चिकटवलेलं असतं आणि त्यावर तुलनेसाठी एक मोठा आकडा छापलेला असतो. बसण्याआधी तो आकडा वाचा, त्याचा फोटो काढा, पूर्ण भाडं आधी विचारा, आणि पटलं नाही तर सरळ दुसरी गाडी बोलवा. मी यातलं काही केलं नाही. शहाण्यांनी शनिवार-रविवार टाळावा आणि आदल्या दिवशी बसचं वेळापत्रक पाहून ठेवावं. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, कार्ड किंवा ॲप लागतं.

आल्वास्त्राला आता भग्न भिंती उरल्या आहेत. सिस्टर्शियन पंथाच्या फ्रेंच संन्याशांनी ११४३ साली हा मठ उभारला. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर तो ओस पडला आणि चिरे दुसऱ्या बांधकामांना गेले. पश्चिमेची कमानीची भिंत मात्र अजून उभी आहे. आतल्या गवतावर दव होतं, भिंतीच्या सांध्यांतून बारीक नेचे फुटले होते, आणि हात लावला तर चुनखडीचा दगड ओल्या पाटीसारखा गार. लोक इथे वीस मिनिटं थांबतात, फोटो काढतात आणि निघून जातात. तसं करू नका, दोन तास द्या.

कारण याच जागी एक सरदारीण, विधवा, पुरुषांच्या मठाला लागून राहायला आली. नियमाप्रमाणे बाईला तिथे थारा नव्हता. गेरेकिनुस नावाचा एक वृद्ध, कडक व्रतस्थ संन्यासी होता. त्याने उघड विचारलं, नियम मोडून ही बाई इथे का राहते? पुढे त्यालाच दृष्टांत झाला आणि त्याचा विरोध मावळला, असं तिला संतपद देताना गोळा केलेल्या साक्षींत नोंदलेलं आहे. तिने उल्फने दिलेली अंगठी त्याच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच बोटातून काढली. लोकांनी नावं ठेवली, हिचं नवऱ्यावर प्रेमच नव्हतं म्हणाले. नवऱ्याला पुरलं तेव्हा ऐहिक प्रेमही त्याच्याबरोबर पुरलं, असं तिचं उत्तर होतं. त्या भिंतींच्या आत उभं राहून हे आठवलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तिला साक्षात्कारात जे दिसायचं, ऐकू यायचं ते ती स्वीडिशमध्ये लिहायची किंवा सांगायची, आणि मठातले पेत्रुस ओलावी आणि इतर धर्मपंडित ते लॅटिनमध्ये उतरवायचे. चाळिशी ओलांडलेली बाई मजकूर सांगते आहे आणि शिकलेले पुरुष तो टिपून घेत आहेत, हे चित्र १३४५च्या सुमाराचं आहे.

दहाच्या सुमाराला ओंबर्ग चढायला लागलो. हा डोंगर सुमारे १० किलोमीटर लांब, ३ किलोमीटर रुंद, आणि व्हेटर्न सरोवराला अगदी चिकटून उभा. सर्वोच्च माथा, ह्येस्सान, समुद्रसपाटीपासून २६३ मीटर, पाण्यापासून जेमतेम पावणेदोनशे मीटर. सह्याद्रीत चालणाऱ्याला हा आकडा वाचून काहीच वाटणार नाही, मलाही वाटलं नाही. तीच चूक झाली. इथे त्रास उंचीचा नाही, पश्चिम अंगाचा आहे.

डोंगराच्या कण्यावरून जाणारी वाट ठीक आहे. आम्ही मात्र सरोवर दिसावं म्हणून पश्चिमेच्या कड्यांकडे वळलो, कारण पुस्तिकेतली “सपाट वाट” तिकडे होती. सपाट काहीही नाही. कडे थेट पाण्यात उतरलेले आहेत आणि वाट त्यांच्या डोक्यावरून सारखी खाली-वर, खाली-वर होत राहते. ऑक्टोबरात बीच झाडांची पानं गळून घोटाभर थर झालेला असतो, त्याखाली ओल्या मुळ्या, मुळ्यांखाली गुळगुळीत खडक. पाय कशावर पडतो आहे ते कळतच नाही. रोडगावेलच्या गुहेकडे उतरणारा तुकडा तर सगळ्यात वाईट. मैत्रीण पुढे होती. एकदम बसकण मारून चार-पाच हात घसरली आणि एका ऐनाच्या जाडीच्या झाडाला धरून थांबली. मी वरून ओरडले, “अगं, हलू नकोस, तिथेच थांब!” ती म्हणाली, “हलायला जागा कुठे आहे?” खाली झाडांच्या फटीतून काळंनिळं पाणी दिसत होतं. फोनला रेंज नव्हती. तिथून वर यायला आम्हाला पाऊण तास लागला, बसून, मुळ्या धरून, सॅक एकमेकींकडे देत.

म्हणून स्पष्ट सांगते. पाऊस पडून गेला असेल तर गुहेचा नाद सोडा. कोरड्या दिवसातही काठी आणि चांगल्या पकडीचे बूट असतील तरच उतरा, आणि दुपारी दोननंतर अजिबात नको. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सव्वासहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि जंगलात त्याच्या आधीच अंधारतं. उत्तरेच्या भागातलं स्टोरपिस्सानचं जुनं स्प्रूसचं जंगल तर चार वाजताच काळोखं असतं. झाडांवर नारिंगी पट्टे आहेत ते सोडू नका. पुढचा पट्टा दिसला नाही तर मागच्या पट्ट्यापाशी परत या, अंदाजाने पुढे जाऊ नका.

एक गोष्ट त्या घसरणीनंतर दगडावर बसले असताना मनात आली. बिर्गित्ताच्या साक्षात्कारांचं पाचवं पुस्तक याच दोन ठिकाणांमधल्या प्रवासात जन्मलं. ती घोड्यावरून वादस्तेनाला चालली होती, बरोबर माणसं होती. वाटेत तिची तंद्री लागली. जमिनीपासून आकाशापर्यंत एक शिडी, शिडीवर एक संन्यासी, विद्वान पण मनात कपट भरलेला. तो सिंहासनावरच्या ख्रिस्ताला सवालांवर सवाल करतो आहे: मला इंद्रियं दिलीस तर ती मला हवी तशी का वापरू नयेत? ज्यांचा उपयोग नाही असे उपद्रवी किडे का निर्माण केलेस? असे सोळा फेऱ्यांचे प्रश्न, आणि प्रत्येकाला उत्तर. वादस्तेना आलं तेव्हा नोकरांनी लगाम धरला, तिला हलवून जागं केलं, आणि त्या गोडीतून बाहेर काढल्याचं तिला वाईट वाटलं. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की त्या संन्याशाचे प्रश्नही तिनेच लिहिले आहेत. ते पोकळ नाहीत, आजही कोणी विचारले तर उत्तर द्यायला जड जातील. एवढी शंका मनात वागवून श्रद्धेवर ठाम राहणारी बाई मला पहिल्यांदा त्या दगडावर बसून कळली. घरी पुस्तकं वाचताना कळली नव्हती.

बोर्गहामनला राहायची सोय आहे, पण ऑक्टोबरात आधी फोन करूनच जा. तंबू लावायचा विचार असेल तर राखीव जंगलांतले नियम फलकावर वाचा, सगळीकडे परवानगी नाही.

दुसरा दिवस सोपा. शेतं, जुनी दगडी चर्च, सपाट रस्ता, डावीकडे पाणी. सव्वाचार तासांत पोचलो.

वादस्तेनाचं मठाचं चर्च निळसर चुनखडीचं आहे. त्या सरोवराकाठच्या दगडाच्या रंगावरून त्याला निळं चर्चच म्हणतात. बांधकाम साधं, नम्र आणि भक्कम असावं ही बिर्गित्ताची आज्ञा होती. आत गेल्यावर दिशांचा घोळ होतो, कारण इतर चर्चमध्ये वेदीचा भाग पूर्वेला असतो, इथे तो पश्चिमेला आहे. तेही तिचंच म्हणणं. आणि इथेच लक्षात ठेवायची गोष्ट: यातलं काहीही तिने पाहिलेलं नाही. १३४६ साली राजा-राणीने वादस्तेनाची आपली वास्तू तिच्या मठासाठी मृत्युपत्रात लिहून दिली. १३४९ साली ती रोमला गेली, आपल्या नव्या पंथाला पोपची मान्यता मिळवायला आणि फ्रान्समधल्या आविन्योंला जाऊन बसलेल्या पोपला रोमला परत आणायला. नियमावलीला मान्यता १३७० साली मिळाली. २३ जुलै १३७३ रोजी ती रोममध्येच वारली आणि पुढच्या वर्षी मुलगी कातारीना तिच्या अस्थी घेऊन इथे आली. मठाचं विधिवत उद्घाटन १३८४ साली, संतपद १३९१ साली, आणि या चर्चचं अर्पण थेट १४३० साली. जिने खोल्यांपासून पोशाखापर्यंत सगळं ठरवलं ती इथे आली ती पेटीतून.

तिने जे ठरवलं ते आजही धीट वाटतं. ६० नन्स, १३ पुरोहित, ४ डीकन (पुरोहितांच्या खालचे धर्मसेवक), ८ सेवेकरी, म्हणजे बायका आणि पुरुष एकाच संस्थेत, भिंतीच्या दोन बाजूंना, आणि सगळ्यांच्या वर एक बाई. रोममधून हे मंजूर करून घेताना तिला कमी-जास्त करावं लागलं, पण गाभा टिकला. पुढे फिनलंडमधल्या नान्ताली गावाला नाव याच पंथाच्या मठावरून मिळालं, इंग्लंडच्या राजाने १४१५ साली लंडनजवळ सायन मठ स्थापला. वादस्तेनाचा मठ १५९५ साली बंद पाडला गेला.

चर्चमध्ये आम्ही पैसे मोजून एक वाटाड्या घेतला होता. लाल मखमलीने मढवलेल्या पेटीपाशी उभं राहून तो म्हणाला, “यात बिर्गित्ता आणि कातारीना, आई आणि मुलगी, दोघींच्या कवट्या आहेत.” हे खरं मानून चालू नका. उप्सालाच्या शास्त्रज्ञांनी केलेली तपासणी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्या दोन कवट्या आई-मुलीच्या असू शकत नाहीत, आणि त्यांचे काळही या दोघींच्या आयुष्याशी जुळत नाहीत. ज्यांच्याकडून पैसे घेतो त्यांना हे सांगायलाच हवं होतं. मी विचारल्यावर त्याने विषय बदलला. वाटाड्या घेऊ नका, चर्चमध्ये फुकट प्रवेश आहे, एक तास शांत बसा. १५व्या शतकातली बिर्गित्ताची लाकडी मूर्ती आहे, वर बघणारी. ती त्या पेटीपेक्षा जास्त सांगते.

आणि संध्याकाळची प्रार्थना चुकवू नका. या पंथाच्या नन्स १९३५ साली वादस्तेनाला परतल्या, सरोवराजवळ त्यांचा मठ आहे, पाहुण्यांसाठी खोल्याही आहेत. मी मागच्या बाकावर बसले होते, बूट बाहेर काढून, मोजे ओले. राखाडी पोशाखातल्या नन्स एकामागून एक आत आल्या. डोक्यावरच्या काळ्या वस्त्रावर पांढऱ्या कापडाचा मुकुट, आणि त्यावर पाच लाल ठिपके, ख्रिस्ताच्या पाच जखमांचे. सर्वात वयस्क नन काठी टेकत आली, जागेवर बसताना तिने मुकुट दोन्ही हातांनी सरळ केला, जसं आपण बाहेर पडताना पदर नीट करतो. हा मुकुट साडेसहाशे वर्षांपूर्वी बिर्गित्ताने नियमावलीत लिहिला. मला रडू आलं. दोन दिवसांचा शीण असेल, पण नुसता शीण नव्हता.

परतीला वादस्तेनाहून बसने मोताला किंवा म्योल्बी गाठा, तिथे रेल्वे मिळते. रविवारी शेवटची बस लवकर जाते, त्यामुळे प्रार्थनेला थांबायचं असेल तर त्या रात्रीचा मुक्काम तिथेच धरा.