वासापासून सेफ्टी शीटपर्यंत : आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा खिडक्या-दारांच्या काचांचा. माशांच्या टाक्या त्याला नंतर जोडल्या गेल्या आणि आज निम्मं काम त्यांचंच आहे, नव्या टाक्या आणि जुन्यांची दुरुस्ती. काच कापण्यात या काळात फारसा फरक पडला नाही. टाकीच्या काचा जोडायचं सिलिकॉन निवडण्याची आमची रीत मात्र पार बदलली, तेव्हा लिहायचं ते त्याबद्दलच.

काचवाल्यांत एक ठोकताळा आहे: ट्यूब फोडून हुंगा, व्हिनेगरसारखा वास आला की टाकीला चालतं. ठोकताळा अर्धाच खरा. तो वास ॲसिटिक ॲसिडचा. ॲसिटॉक्सी सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन पक्कं होताना हे ॲसिड बाहेर टाकतं. काचेला ते घट्ट धरतं आणि एकदा आतपर्यंत पक्कं झालं, वास गेला, की माशांना त्याचा त्रास नाही. अडचण अशी की बाथरूमचं सॅनिटरी सिलिकॉनही बरेचदा ॲसिटॉक्सीच असतं. वास तोच, रंग तोच, दुकानातला कप्पाही तोच. फक्त टाइल्सच्या फटीत काळी बुरशी धरू नये म्हणून त्यात बुरशीनाशक मिसळलेलं असतं: एकेकाळी आर्सेनिक असलेलं ओबीपीए, अलीकडे झिंक पायरिथिऑन किंवा डीसीओआयटी. ते हळूहळू पाझरत राहावं अशीच त्याची योजना असते. टाकीतल्या बंद पाण्यात ते पाझरलं की श्रिंप आधी मरतात, मासे मागून.

म्हणून आम्ही ट्यूबआधी कंपनीची सेफ्टी डेटा शीट मागतो. विभाग २ मध्ये धोके असतात, ३ मध्ये घटक, १२ मध्ये पर्यावरणावरचा परिणाम. एच ४०० किंवा एच ४१० हा, म्हणजे जलचरांना अतिविषारी असल्याचा, कोड दिसला, किंवा वठलेलं झाड नि मेलेला मासा हे चित्र दिसलं, की ती ट्यूब बाद. 'अँटी-फंगल', 'मिल्ड्यू रेझिस्टंट', 'किचन अँड बाथ' असं ट्यूबवरच छापलेलं असेल तर शीट उघडायचीही गरज नाही. '१००% सिलिकॉन' या छापाला मात्र आम्ही भुलत नाही. बुरशीनाशक घातलेल्या ट्यूबवरही तो असतो. न्यूट्रल सिलिकॉन, म्हणजे व्हिनेगरचा वास न येणारं, सगळंच वाईट असं नाही, पण त्यातली बरीचशी पक्की होताना ऑक्झाइम हे रसायन सोडतात. उत्पादकाने टाकीसाठी चालेल असं लेखी दिलेलं नसेल तर आम्ही त्यांच्या वाटेला जात नाही.

स्वस्त ट्यूबचं दुखणं वेगळं. तिच्यात मिनरल ऑइल घालून माल वाढवलेला असतो. पुढे तेल निघून जातं, सांधा आक्रसतो, कडक होतो आणि काचेपासून सुटतो. पातळ, मऊ पॉलिथिनवर सिलिकॉनचा पातळ थर फासून ठेवा. दुसऱ्या दिवशी पॉलिथिनला सुरकुत्या पडल्या तर त्यात तेल आहे. दुसरी परीक्षा काचेवरची: साफ तुकड्यावर रेघ ओढून आठवडाभर ठेवायची, एक टोक ब्लेडने सोडवून ओढायचं. रेघ मधूनच तुटली तर माल चांगला. अख्खी पट्टी सोलून हातात आली तर एक तर माल खराब, नाहीतर काच पुसण्यात चूक.

एवढी चिकित्सा कशासाठी, ते आकड्यात बघा. ३ बाय दीड बाय दीड फुटांची टाकी काठोकाठ भरली की समोरच्या एका काचेवर साधारण ९५ किलोचा रेटा येतो. टाकी मागे किती खोल आहे याचा त्याच्याशी संबंध नाही, फक्त काचेची लांबी आणि पाण्याची उंची मोजायची. हा रेटा पेलतो तो काच आणि काच यांच्यामधला थर. आतल्या कोपऱ्यात फासलेली सिलिकॉनची गोलाई त्या थराचं शेवाळ खरवडणाऱ्या ब्लेडपासून रक्षण करते, बाकी तिचा आधार नाही. तरी गिऱ्हाईक बोट फिरवून बघतं ते तिलाच!

८ मिमी काचेच्या या टाकीत सांध्यांची एकूण लांबी १५ फूट. ६ मिमी जाडीची सलग रेघ ओढली तर सुमारे १३० मिली लागतं, गोलाईला आणखी ६०. म्हणजे २८० मिलीची एक ट्यूब पुरते. कडा ॲसिटोनने पुसायच्या, दर पुसणीला नवं फडकं, नंतर बोट लावायचं नाही. काच बसवताना दाबून सगळं सिलिकॉन बाहेर काढू नका. मध्ये एक ते दीड मिमी थर राहिलाच पाहिजे. मास्किंग टेप सिलिकॉनवर साय धरण्याआधी ओढायची. बोट सरकावं म्हणून साबणाचं पाणी वापरतात, आमच्याकडे त्याला मनाई आहे. त्याचा एक थेंब न जोडलेल्या कडेवर गेला तर तिथे सिलिकॉन धरतच नाही.

पहिल्या २४ तासांत २ ते ३ मिमीच पक्कं होतं. पुढे वेग आणखी मंदावतो, कारण ओलाव्याला पक्क्या थरातून आत शिरावं लागतं. पावसाळ्यात साय इतक्या लवकर धरते की काच बसवायला दोघं लागतात. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तेच काम रेंगाळतं. ८ मिमीच्या सांध्याला आम्ही ८ ते १० दिवस देतो. मग थर्माकोलवर, लेव्हल बघून, २४ तास पाणी भरून ठेवायचं आणि ते पाणी फेकून द्यायचं.

दुरुस्तीत बहुतेकांची एकच चूक: गळतं तिथे बाहेरून बोळा. आतलं पाणी तो ढकलून देतं आणि नवं सिलिकॉन जुन्यावर नीट धरतही नाही. टाकी गळू द्या. ज्या पातळीला टपकणं थांबेल, दोष त्याच उंचीच्या आसपास. मग आतली गोलाई सगळीकडून खरवडायची, फक्त गळक्या कोपऱ्यातून नव्हे. ब्लेड अडखळत असेल तर रबराची साय शिल्लक आहे असं समजा. काचांमधल्या थरातच पांढुरके, सुटलेले डाग दिसले तर नवी गोलाई फुकट. टाकी तारेने कापून सुटी करायची आणि पुन्हा जोडायची.

प्रत्येक टाकीच्या मागच्या काचेवर आम्ही मार्करने ट्यूबचा बॅच नंबर, एक्स्पायरी, जोडल्याची तारीख आणि पाणी भरायची तारीख लिहून देतो. भांडण होतं ते नेहमी शेवटच्या तारखेवरून.