गळालेली शिंगं

फेब्रुवारीतल्या दुपारी शेजारी दार वाजवून "हरणांची गळालेली शिंगं शोधायला येतोस का?" असं विचारतो, तेव्हा अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात राहणाऱ्याने कारण विचारायचं नसतं. बूट चढवायचे आणि निघायचं.

हरणांची शिकार हा इथला सणच. रायफलीचा हंगाम पूर्वी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी शाळांना त्या दिवशी सुट्टी असायची. २०१९पासून तो शनिवारी सुरू होतो, हे दुःख शेजारी अजून उगाळतो. नाताळनंतर चकमकीच्या जुनाट बंदुकांचा एक हंगाम असतो, जानेवारीत तोही आटोपतो. मग रानात उरतात हरणं आणि आमच्यासारखे रिकामटेकडे.

मला विचाराल तर खरी मजा आत्ताच. नरांनी शिंगं घासून खोडं सोललेली असतात, ते पांढरे पट्टे पानगळीनंतर लांबूनही दिसतात. शेजारी म्हणतो, ऑक्टोबरात इथे भटकलो असतो तर हरणांनी वाट बदलली असती. आता हुसकली तरी पुढच्या हंगामापर्यंत विसरतील. लग्न उरकल्यावर रिकाम्या कार्यालयात चक्कर मारली की कोण कुठे बसलं, कुणी जिलबी टाकली, सगळं कळतं ना, तसंच.

एके ठिकाणी बर्फात लांबट खळगा होता, हरीण बसून उठलेलं. अंगाच्या उबेने वितळून पुन्हा गोठलेला गुळगुळीत तळ आणि त्यात रुतलेले करडे केस. एक सोडवून वाकवला, तर लगेच घडी पडली. हिवाळ्यातले हे केस आतून पोकळ असतात.

खाली मान घालून चालण्यात मी लहानपणापासून पटाईत. "पैसे सांडलेत का तुझे?" आई ओरडायची. गुंजा, चिंचोके, तुटक्या बांगड्या, काय वाटेल ते खिशात असायचं. सांबरशिंग मात्र फक्त आजीच्या डब्यात. वेखंड, जायफळ, हळकुंडाच्या शेजारी बोटभर तुकडा, उगाळून उगाळून एका बाजूने तिरपा झालेला. छाती भरली की ती सहाणेवर चार थेंब पाणी घालून वळसे मोजत उगाळायची, लेप पळीत कोमट करून छातीवर फासायची. वाळला की कातडी ओढायची, आणि हसलं की लेपाला तडे जायचे, म्हणून चुलतभाऊ मुद्दाम हसवायचा. सांबर प्रत्यक्ष पाहिलं त्यानंतर कित्येक वर्षांनी. तीही मादी, म्हणजे बिनशिंगाची.

शेवटी ओढ्याकाठी शिंग सापडलं. शेजाऱ्याला. डावं, चार टोकांचं, बुडाशी खडबडीत. एका टोकावर बारीक समांतर रेघा होत्या. उंदीर आणि खारी कॅल्शियमसाठी शिंगं कुरतडतात. ऑगस्टच्या अखेरीस नवं शिंग तयार झालेलं असेल, मग या जुन्याचं त्या नराला काय! उजवं शोधत आम्ही तासभर ओढा पालथा घातला. दोन्ही एकाच दिवशी, एकाच जागी गळतीलच असं नसतं, हे शेजाऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. पण त्याचा पाय निघेना.

परतताना तो जरा गप्प होता. २०१२ साली या राज्यात हरणांचा मेंदू पोखरणारा रोग पहिल्यांदा सापडला, त्यावर औषध नाही. माणसाला झाल्याचं उदाहरण नाही, तरी शेजारी मारलेल्या हरणाचं डोकं तपासणीच्या पेटीत टाकून येतो आणि निकाल येईपर्यंत मटणाला हात लावत नाही. नातवाला नेम धरायला शिकवतोय, पण ते मटण त्याला वाढावं की नाही, यावर घरात दरवर्षी वाद होतो.

शिंग त्याने मला देऊन टाकलं. आपल्याकडे अभयारण्यात गळालेलं शिंग उचलून आणलं तर गुन्हा होतो. इथे मी ते गाडीच्या मागच्या सीटवर टाकून आणलं आणि रात्री व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. तिकडे सकाळ होती. तिने चष्मा पुसून नीट पाहिलं.

"सांबराचं आहे?"

"नाही गं, इथल्या हरणाचं."

"मग काय उपयोग?" म्हणाली, आणि भाजीला काय केलंस ते विचारायला लागली.