स्काय टेरियरचा पुढचा पाय

स्काय टेरियर मी प्रत्यक्ष पाहिला तो पुतळ्यानंतर बऱ्याच काळाने. एडिनबरात कॅण्डलमेकर रोच्या तोंडाशी स्काय जातीचा मानला जाणारा ग्रेफ्रायर्स बॉबी हा कुत्रा पुतळा होऊन बसलेला आहे. त्याचा मालक जॉन ग्रे १८५८ साली वारला आणि १८७२ मध्ये स्वतः मरेपर्यंत बॉबी त्याच्या थडग्यापाशी राहिला, असं इथे सांगतात. पुतळ्याचं नाक पर्यटकांनी चोळून चोळून चकचकीत केलंय. पण त्याच गावातल्या आमच्या दवाखान्यात येतात ते लॅब्रॅडॉर, कॉकर, फ्रेंच बुलडॉग. ब्रिटनच्या केनेल क्लबकडे वर्षाला ३०० हून कमी पिल्लांची नोंद होणाऱ्या तिथल्या मूळ जाती धोक्यातल्या मानतात. स्कायची नोंद कित्येक वर्षं शंभरीसुद्धा गाठत नाही.

म्हणून त्या सकाळी यादीत ‘स्काय टेरियर, नर, पाच महिने, लंगडतो’ असं वाचलं आणि पिल्लाला आत आणायला मी स्वतःच बाहेर गेले.

राखाडी रंगाचं, काळ्या कानांचं पिल्लू. कान ताठ. काही स्कायचे कान खाली लोंबतात, दोन्ही प्रकार चालतात. डोळ्यांवर अजून झुलपं आली नव्हती, त्यामुळे त्याची नजर सरळ दिसत होती आणि ती माझ्यावर अजिबात विश्वास ठेवत नव्हती. हा जातीचाच स्वभाव. स्काय एका माणसाचा असतो, परक्याला ओळखायला वेळ घेतो, पण उगाच चावत नाही. मालकीणबाई वयस्कर होत्या, आयुष्यभर स्काय पाळलेल्या. त्यांनी हात त्याच्या मानेवर ठेवला तेव्हाच त्याने मला पाय धरू दिला.

पूर्ण वाढलेला स्काय खांद्याशी जेमतेम २५-२६ सेंटीमीटर उंच, पण नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत १०३ सेंटीमीटर लांब. ही ठेवण हौसेखातर झालेली नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर कोल्हे, बिज्जू, पाणमांजरं दगडांच्या ढिगाऱ्यांत दडतात. तिथे शिरायला आखूड पाय हवेत, उकरायला पंजे दणकट हवेत आणि चाव्यापासून, पावसापासून वाचायला अंगभर दाट केस. मी मराठवाड्यातली. सशामागे सुसाट सुटणारे आमचे कारवानी कुत्रे बघत वाढले, तेही असेच कामानेच घडलेले. स्कायचं दैव मात्र निराळं. व्हिक्टोरिया राणीने ते पाळले, बड्या घरांत त्यांची फॅशन आली आणि केस जमिनीपर्यंत लांबत गेले. फॅशन सरली तेव्हा लोक दुसऱ्या जातींकडे वळले. बिळात घालायला लहान केसांचे टेरियर आधीच होते.

उजवं कोपर सरळ करताच पिल्लू कळवळलं. पुढच्या दोन्ही पायांचा एक्स-रे काढला. शंका होती तेच निघालं. पुढच्या पायात कोपरापासून मनगटापर्यंत रेडियस आणि अल्ना ही दोन हाडं शेजारी शेजारी वाढतात. हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची पट्टी असते, वाढ तिथून होते. या पिल्लाच्या अल्नाची मनगटाकडची पट्टी वेळेआधी मिटत आली होती. अल्ना थांबलेली, रेडियस वाढतेय. मग रेडियस वाकते आणि कोपराचा सांधा नीट बसत नाही. स्काय पाळणारे याला ‘स्कायचं लंगडणं’ म्हणतात. म्हणूनच जाणते ब्रीडर आठ-दहा महिन्यांपर्यंत पिल्लाला लांब फिरायला नेत नाहीत, जिने चढू देत नाहीत.

मालकीणबाईंना हे सगळं ठाऊक होतं, त्यांनी जपलंही होतं. आमच्या हाडांच्या सर्जननी फोटो पाहून सांगितलं, थांबण्यात अर्थ नाही. अल्नाचा छोटा तुकडा काढायचा, म्हणजे अडकलेलं कोपर मोकळं होऊन सांध्यात बसेल. वाढत्या पिल्लाचं हाड झटकन पुन्हा जुळतं, म्हणून फटीत त्याच्याच अंगातली चरबी ठेवायची. दुपारी भूल दिली. ऑपरेशन व्यवस्थित झालं.

अवघड बोलणं त्यानंतरचं. हे पिल्लू पुढे जोडीसाठी ठेवायचं ठरलं होतं. मालकीणबाईंनी विचारलं, “डॉक्टर, इतके थोडे उरलेत. यालाही बाजूला काढायचं?” मी म्हटलं, हो, याला काढायचं. या दुखण्याचा अनुवंशाशी संबंध आहे आणि याच्या पिल्लांच्या नशिबी हेच येऊ शकतं. पण याच्या आई-वडिलांना, भावंडांना एका फटक्यात बाद करू नका. जात जेव्हा एवढी आकसते तेव्हा प्रत्येक कुत्रा वगळला की उरलेल्यांमधलं नातं आणखी जवळचं होतं, आणि मग नवी दुखणी वर येतात. आधी तपासा, लिहून ठेवा, मग ठरवा. दुर्मीळ जात वाचवायची म्हणून दुखणारा पाय पुढच्या पिढीला द्यायचा, हे मला मान्य नाही. पण भीतीपोटी अर्धी वेत बाद करणंही मला तितकंच चुकीचं वाटतं.

त्या गप्प झाल्या. मग माझ्यासमोरच ब्रीडरला फोन लावला आणि काहीही न लपवता सांगितलं. असा फोन करायला धैर्य लागतं, कारण या छोट्या वर्तुळात सगळे एकमेकांना ओळखतात.

पुढच्या आठवड्यात ब्रीडर पिल्लाच्या बहिणीला घेऊन आले. ती लंगडत नव्हती. एक्स-रेमध्ये दोन्ही पट्ट्या उघड्या दिसल्या, कोपरं नीट होती. तिला महिन्याभराने परत बोलावलंय, आणि तोवर जिना बंद.