तुम्ही विचारलंत म्हणून: पलटणीत पाद्री कशाला?

लष्करी इतिहासावर काही लिहिले की हा प्रश्न हमखास येतो: ज्याला शस्त्र हाती धरायचे नाही, त्या पाद्र्याचे युद्धावर काम काय? आपल्या लष्करातही पंडित, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरच्या दर्जाने नेमले जातात. तरी शंका फिटत नाही. अशा वेळी मी जॉर्ज फॉक्स या अमेरिकी मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) पाद्र्याची हकिकत सांगतो.

पेनसिल्व्हेनियात 1900 साली जन्मलेला फॉक्स पहिल्या महायुद्धात वय वाढवून सांगून सैन्याच्या वैद्यकीय दलात शिरला आणि सिल्व्हर स्टार व फ्रान्सचे क्रॉ द गेर ही शौर्यपदके मिळवून परतला. मेथडिस्ट पाद्री म्हणून त्याला दीक्षा मिळाली ती 1934 साली. पुढे व्हरमाँटमधील गिलमन या लहानशा गावचे चर्च तो सांभाळत होता. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याने अमेरिका दुसऱ्या महायुद्धात ओढली गेल्यावर, पोरांपुढे काय वाढून ठेवले आहे हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे असे पत्नीला सांगून, वयाची चाळिशी उलटलेला हा गृहस्थ पुन्हा युद्धावर गेला. माझ्या मते उत्तराचा निम्मा भाग इथेच आहे, कारण ज्याने जखमी माणसे हाताळली आहेत त्याच्या धीराच्या शब्दाला नवख्या शिपायाच्या लेखी वजन असते.

उरलेला भाग ‘डॉर्चेस्टर’ या सैनिकवाहू जहाजावरचा. 902 माणसांना घेऊन ते ग्रीनलंडकडे चालले होते. पाणबुडीच्या धोक्यामुळे कपडे व जीवरक्षक जाकिटे घालूनच झोपावे, असा कप्तानाचा हुकूम होता. पण तळाशी यंत्रांमुळे इतके उकडत असे की अनेकांनी तो मानला नाही. 3 फेब्रुवारी 1943 रोजी मध्यरात्रीनंतर टॉर्पेडो आदळला, दिवे गेले, आणि कित्येक जण जाकिटाविना वर धावले. फॉक्स, रब्बी (यहुदी धर्मगुरू) अलेक्झांडर गूड, कॅथलिक फादर जॉन वॉशिंग्टन आणि रिफॉर्म्ड चर्च या प्रोटेस्टंट पंथाचे क्लार्क पोलिंग या जहाजावरच्या चौघा लष्करी धर्मगुरूंनी माणसांना होड्यांकडे वळवले, साठ्यातली जाकिटे वाटली आणि ती संपल्यावर स्वतःची उतरवून दिली. घेणाऱ्याचा धर्म कोणी विचारला नाही. साधारण वीस मिनिटांत जहाज बुडाले. 230 जण वाचले, त्यांत हे चौघे नव्हते.

ही कथा सर्वधर्मसमभावाचा देखावा म्हणून सांगितली जाते, ते मला अपुरे वाटते. त्या गोंधळात ज्याच्यावर तोफ, यंत्र वा तुकडी कशाचीच जबाबदारी नव्हती, असा अधिकारी माणसांकडे पाहायला मोकळा होता, आणि पाद्र्याची नेमणूक असते ती याचसाठी.

प्रश्नकर्त्यांना पडणारा पेच पुढे अमेरिकी काँग्रेसलाही पडला. या चौघांना मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला होता, पण मेडल ऑफ ऑनर या अमेरिकेच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या नियमात शत्रूशी प्रत्यक्ष लढताना गाजवलेले शौर्य अपेक्षित असल्याने त्यांचे कृत्य त्यात बसेना. अखेर 1960 साली केवळ त्यांच्यासाठी एक वेगळे पदक मंजूर करावे लागले.