जाताना की येताना?

पावसाळा लागला की आमच्या न्हाणीघराच्या दाराचा बोल्ट अडकतो. दार फुगलंय, असं घरात सर्वानुमते ठरलेलं आहे. नवरा खांदा लावून रेटतो, सासूबाई खोबरेल तेलाची वाटी घेऊन येतात. मला मात्र दरवर्षी एक हवालदार आठवतो.

कॉलेजात एनसीसीला होते. डिसेंबरातला कॅम्प, डोंगराच्या पायथ्याशी रेंज, पहाटेचं धुकं आणि अंगावर येईल एवढी जड पॉइंट टू टू, म्हणजे 0.22 इंची, रायफल. एवढ्याशा गोळीला एवढं धूड कशाला, असं वाटायचं. उत्तर असं की ती जन्माने टू टू नव्हतीच. मूळची थ्री नॉट थ्री, म्हणजे 0.303 इंची, जुनी ली-एन्फिल्ड रायफल. थोरलीचं परकर-पोलकं आतून टाके घालून धाकटीला घालतात, तसा प्रकार. 7.7 मिलिमीटरची नळी आतून आणखी कोरायची, तिच्यात 5.6 मिलिमीटरची दुसरी नळी अस्तरासारखी बसवायची, गोळी आत ढकलणारी मागची सरकदांडी म्हणजे बोल्ट, त्याचं डोकं बदलायचं, झालं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बर्मिंगहॅमच्या पार्करने हे अस्तराचं काम इतकं गाजवलं की त्याला पार्करायफलिंग असं नावच पडलं. शिकाऊ पोरांच्या हातात महागडी गोळी कोण देणार? गोळ्या साठवायचा मॅगझिनचा डबा जागच्या जागी, पण आतून रिकामा. राउंड, म्हणजे काडतूस, एकेक करून हाताने भरायचा आणि गोळी उडाल्यावर उरलेली पितळी पुंगळी त्या डब्यात पडायची. घरातल्या जुन्या पावडरच्या डब्यात सुया-बटणं ठेवतात, तसा तो डबा.

त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं काम बोल्टच्या डोक्याचं. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध टोपी असते, बोल्टमधली पिन तिथे आदळते. टू टूच्या काडतुसाला टोपी नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या पोकळ काठात बसवलेला असतो, करंजीच्या मुरडीत सारण शिरावं तसा. म्हणून पिनेला मध्य सोडून कडेला मारावं लागतं. नवं डोकं त्यासाठीच.

तर पाच राउंड ग्रुपिंगचे, म्हणजे सगळ्या गोळ्या एकमेकींजवळ लागतात का ते पाहायचे. माझ्या वाट्याला तीन नंबरची रायफल आली आणि दुसऱ्याच राउंडला मी हात वर केला. "उस्ताद, बोल्ट अडकतोय."

उस्ताद म्हणजे आम्हाला शिकवणारे तेच हवालदार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, मिशा पांढऱ्या, आवाज कधी न चढणारा. शेजारी येऊन उकिडवे बसले. "जाताना की येताना?"

मला प्रश्नच कळला नाही. अडकतोय म्हणजे अडकतोय!

"बाळ, बोल्ट पुढे जाताना शेवटच्या इंचाला जोर लागतो का, का गोळी उडाल्यावर मागे ओढताना?"

पहिली तक्रार म्हणे निम्म्या पोरी करतात, आणि ती तक्रारच नसते. या रायफलीत आतली स्प्रिंग ताणली जाते ती बोल्ट पुढे ढकलताना. त्यामुळे शेवटी हाताला विरोध लागतोच. घाबरून हात सैल सोडला की काम अर्धवट राहतं. माझं तसं नव्हतं. पुढे छान जात होता, उडाल्यावर दांडी वर उचलायलाच तळहात लाल होत होता.

"मग तेल घालू या?" मी विचारलं. तेलावर माझा तेव्हा फार विश्वास.

"चेंबरला तेल? नको. धूळ बसेल." एवढं बोलून त्यांनी डब्यातून माझी पुंगळी काढली आणि तळहातावर फिरवायला लागले. आमच्या शेजारच्या काकू मेथीची जुडी घेण्याआधी अशाच फिरवतात.

टू टूची शिशाची गोळी मेणचट असते, बोटाला लागतं. ते मेण, शिशाची भुकटी आणि न जळलेली दारू असा एक काळपट राप चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, साचत जातो. थंडीत तो आणखी घट्ट. तसं असेल तर पुंगळी चहूबाजूंनी मळकी निघते. माझी पुंगळी बरीचशी स्वच्छ होती, फक्त एका बाजूला पितळेवर एक बारीक चकचकीत ओरखडा होता. उस्तादांनी तो उन्हाकडे धरला. "राप नाही हा. आत काहीतरी टोचतंय."

ते टोचणारं आम्हीच केलेलं होतं. दुपारी जेवणानंतर रिकाम्या रायफलीवर ट्रिगर दाबायचा सराव चालायचा. टक्, टक्, टक्. आम्हाला तो आवाज भारी वाटायचा, आणि मोजायची गरज कुणालाच वाटली नव्हती. थ्री नॉट थ्रीत पिन मधोमध येते, पुढे पोकळीच, बिघडत काही नाही. टू टूत पिन कडेला येते, आणि तिच्या पुढ्यात काडतुसाचा काठ नसेल तर ती सरळ चेंबरच्या तोंडावर आदळते, हातोडा ऐरणीवर आदळावा तशी. धातू दबतो आणि नखभर आत सरकतो. राउंड आत जातो कसाबसा, उडाल्यावर पितळ फुगतं आणि त्या टोकाला घट्ट धरून बसतं. रायफल बदलून टू टू झाली खरी, आमच्या सवयी थ्री नॉट थ्रीच्याच राहिल्या.

दुपारी आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, आले. मला वाटलं, आता कानस निघणार. त्यांनी निमुळती, आरशासारखी गुळगुळीत पोलादी सळई काढली, चेंबरमध्ये घातली आणि हलकेच दाबत फिरवली. घासायचं नाही, दबलेला धातू दाबूनच पुन्हा जागेवर न्यायचा. कानशीने चेंबर मोठं झालं असतं आणि कायमचं गेलं असतं. पाच मिनिटांचं काम. त्यानंतर चिंदी, कोरडी, दोनदा. त्या दिवसापासून ट्रिगरच्या सरावाला प्रत्येकीच्या चेंबरमध्ये उडालेली एक पुंगळी असायची, आणि ती दर चार-पाच टक्टकींनंतर थोडी फिरवायची, असा उस्तादांचा हुकूम.

माझं ग्रुपिंग नंतर कसं आलं ते सांगण्यासारखं नाही. 25 यार्डांवर माझ्या दोन गोळ्या शेजारणीच्या टारगेटमध्ये सापडल्या, आणि त्यासाठी बोल्टला दोष देता आला नाही.

यंदाही पहिल्या पावसाला न्हाणीघरासमोर गर्दी झाली. नवरा खांदा चोळत उभा, सासूबाई वाटी घेऊन. मी विचारलं, "लावताना अडकतो की काढताना?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बोल्टच्या दांडीला खालून एक चकचकीत ओरखडा होता, आणि दाराची खालची कड फरशीला घासत होती. दाराखाली पाट सरकवून ते उचललं आणि वरच्या बिजागरीचे दोन ढिले स्क्रू आवळले. सासूबाई तेलाची वाटी घेऊन आत गेल्या, केसांना लावायला.